‘टी’ला बोलावलंय, मग जेवून जायचं की उपाशी?

इंग्लंडच्या उत्तरेत राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक निरोप हमखास येतो. शेजारीण किंवा मुलाच्या वर्गमित्राची आई लिहिते, ‘गुरुवारी पाचला टीला या.’ आपलं डोकं लगेच त्याचं ‘चहाला या’ करून टाकतं. चहाला जायचं म्हणजे घरून नीट खाऊन जायचं, तिथे कपभर चहा आणि आग्रहाखातर दोन बिस्किटं. प्रत्यक्षात तिथे टेबलावर उकडलेले बटाटे, मटार, ग्रेव्ही आणि मधोमध भाजलेली कोंबडी. चहा शेवटी आला तर आला. भरल्या पोटावर ते सगळं ढकलावं लागतं. शाकाहारी असाल तर मटार-बटाट्यावर निभवावं लागतं, कारण ‘आम्ही मांस खात नाही’ हे चहाच्या आमंत्रणावर कळवायचं कुणाला सुचणार?

ब्रिटनमध्ये ‘टी’ हे पेयाचं नाव आहे, जेवणाचं आहे, दिवसातल्या एका वेळेचंही आहे. शिवाय बोलणारा कुठल्या भागातला आणि कसल्या घरातला, याची चुगलीही हा शब्द करतो. त्यातलं पेयाचं नाव तेवढं आपण शाळेत शिकून आलेलो असतो. बाकीचं इथे आल्यावर कळतं, आणि बहुधा चुकल्यावर.

आधी घड्याळ लावून घेऊ. उत्तर इंग्लंड, मिडलंड्सचा, म्हणजे मध्य इंग्लंडचा, बराचसा भाग, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड इथल्या पुष्कळ घरांत दिवसाची वाटणी अशी असते: सकाळी ब्रेकफास्ट, दुपारी बाराच्या पुढे डिनर, संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या दरम्यान टी, आणि झोपण्याआधी काही तोंडात टाकलं तर ते सपर, म्हणजे एखादा टोस्ट किंवा दुधाबरोबर बिस्किट. दक्षिणेत, आणि सुखवस्तू घरांत कुठेही, दुपारचं जेवण लंच आणि रात्रीचं डिनर. या घरांत सपर म्हणजे रात्रीचंच जेवण, फक्त घरगुती थाटाचं. ‘शनिवारी सपरला या’ असं लंडनमधल्या सहकाऱ्याने म्हटलं तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर साधं पण पूर्ण जेवण असतं. तेच वाक्य उत्तरेतल्या लँकेशरमधल्या आजीबाईंच्या तोंडी आलं तर टोस्टच्या वर अपेक्षा ठेवू नये.

म्हणून आमंत्रण आलं की शब्दाकडे नव्हे, वेळेकडे बघायचं. साडेतीन-चारची वेळ असेल तर पेय आणि केक. पाच ते साडेसहा असेल तर जेवण, आणि मग खाण्याची पथ्यं आधी कळवायची. वेळ सांगितलीच नसेल तर सरळ विचारावं, ‘टी म्हणजे कप ऑफ टी, की इव्हनिंग मील?’ हे विचारण्यात काही वावगं नाही. दक्षिणेतून उत्तरेत गेलेले इंग्रजसुद्धा हेच विचारतात.

हा गोंधळ फक्त आमंत्रणात होत नाही. नळदुरुस्तीवाला ‘डिनरनंतर येतो’ म्हणाला आणि तुम्ही रात्री आठची वाट बघत बाहेर पडलात, तर तो बिचारा दुपारी एकला येऊन दार ठोठावून परत जातो, आणि काही जण त्या फेरीचेही पैसे लावतात. ‘बिफोर टी’ म्हणजे पाचच्या आत. अशा वेळी घड्याळातला आकडा मागून घेणं उत्तम. शाळेच्या बाबतीत तर दक्षिणही उत्तरेचीच भाषा बोलते: शाळेत मिळणारं दुपारचं जेवण म्हणजे स्कूल डिनर, वाढणाऱ्या बाया डिनर लेडीज, आणि त्यासाठी भरायचे पैसे डिनर मनी. इंग्लंडच्या सरकारी शाळांत रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली आणि दुसरीच्या मुलांना हे जेवण सप्टेंबर २०१४ पासून मोफत आहे, पण शाकाहारी पर्याय हवा असेल तर तो फॉर्मवर तुम्हालाच लिहावा लागतो. पाळणाघराच्या वेळापत्रकात ‘टी: चार वाजता’ असं दिसलं तर तिथे लहान मुलांना चहा पाजत नाहीत. टोस्टवर बीन्स, सँडविच, पास्ता असलं काहीतरी देतात. मूल घरी येऊन ‘जेवायचं नाही’ म्हणालं तर त्याचं कारण तिथे असतं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न कानावर पडतो: ‘कॅन ही स्टे फॉर टी?’ म्हणजे शाळेनंतर मुलाला खेळायला ठेवून घेऊ का आणि त्याला तिथेच जेवू घालू का. होय म्हणण्याआधी नेमकं सांगावं, ‘मांस नाही, मासे नाहीत, जिलेटिन नाही.’ नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर फिश फिंगर पानात पडल्याचे प्रकार होतात. मासे चालतात असं मानणारे शाकाहारी इथे काही जणांच्या ओळखीत असतात, म्हणून हा घोळ. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं आणि ते जेली, मार्शमेलो, चघळायच्या गोळ्या यांत दडलेलं असतं. केकमधलं अंडं चालतं की नाही, तेही सांगून टाकावं. न्यायला साधारण सहा-साडेसहाला जायचं. आणि पुढच्या महिन्यात त्या मुलाला आपल्याकडे टीला बोलवायचं, ही परतफेड न सांगता गृहीत धरलेली असते.

डिनर कसं सरकलं आणि टी कशी आत शिरली

डिनर हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये ‘उपास सोडणे’ असं आहे. म्हणजे मुळात तो सकाळच्या न्याहारीचा शब्द. पुढे तो दिवसाच्या मुख्य जेवणाला चिकटला, आणि ते जेवण दुपारी व्हायचं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांचं मुख्य जेवण पुढेपुढे सरकत संध्याकाळी सात-आठवर गेलं. मध्ये पडलेलं भगदाड बुजवायला दुपारी हलकं लंच आलं, तरी चार वाजता पोटात कावळे ओरडायचेच. बेडफर्डची डचेस ॲना हिचं नाव इथे नेहमी घेतलं जातं: १८४०च्या आसपास तिने दुपारी चहा, ब्रेड-लोणी आणि केक मागवायला सुरुवात केली, मैत्रिणींना बोलवू लागली, आणि त्यातून ‘आफ्टरनून टी’चा रिवाज रुळला.

गिरण्या आणि खाणींतल्या कामगारांचं मुख्य जेवण मात्र दुपारीच राहिलं. संध्याकाळी पाच-सहाला थकून घरी आलं की ब्रेड, चीज, थंड मांस, कधी मासा किंवा अंडी, आणि कडक गोड चहाची किटली. चहा स्वस्त झाला होता, गरम होता, साखरेने अंगात तरतरी यायची. हळूहळू त्या सगळ्या ताटालाच ‘टी’ म्हणू लागले. आपल्याकडे ‘भाकरी खाऊन घे’ म्हणजे नुसती भाकरी नव्हे, किंवा ‘मीठ-भाकरी’ म्हणजे अख्खा संसार, तसाच हा प्रकार.

या कामगारी जेवणाचंच दुसरं नाव ‘हाय टी’. इथे आपल्या लोकांची हमखास गल्लत होते. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत आणि निमंत्रणपत्रिकांवर ‘हाय टी’ म्हणजे उंची, झकपक चहापान. त्यातला ‘हाय’ म्हणजे उच्चभ्रू, असं आपण धरून चाललो. ब्रिटनमध्ये हाय टी म्हणजे संध्याकाळचं भरपेट साधं जेवण, विशेषतः स्कॉटलंडमध्ये: एक गरम पदार्थ, ब्रेड-लोणी, केक आणि चहा. तीन मजली चांदीच्या तबकातले नाजूक सँडविच हवे असतील तर ‘आफ्टरनून टी’ म्हणायचं. परदेशी पर्यटकांच्या सोयीसाठी काही ब्रिटिश हॉटेलंही आता ‘हाय टी’ लिहितात, ते आमच्या मते गिऱ्हाइकाच्या चुकीला दिलेलं उत्तेजन आहे.

आफ्टरनून टीचं तबक खालून वर खात जायचं: खाली बोटभर सँडविच, मध्ये स्कोन (छोटे खुसखुशीत पाव), वर केक-पेस्ट्री. सँडविचचे ठरलेले प्रकार म्हणजे काकडी, अंडं-मेयो, हॅम आणि धूर दिलेला सामन मासा, म्हणजे चारांतले दोन मांसमच्छी. शाकाहारी तबक बहुतेक ठिकाणी मिळतं, पण ते आदल्या दिवशी कळवलं तरच. काउंटरवर जाऊन सांगितलं तर चारही काकडीचेच येतात. नाजूक म्हणून कमी असेल असं समजू नये. नीट जेवून गेलेला माणूस केकच्या मजल्यापर्यंत पोचत नाही.

‘क्रीम टी’ तिसरीच. चहात क्रीम घालत नाहीत. दोन स्कोन, जॅम, क्लॉटेड क्रीम आणि चहाची किटली मिळून क्रीम टी. क्लॉटेड क्रीम म्हणजे आपल्या दाट सायीचीच इंग्रज चुलतबहीण: घट्ट क्रीम पसरट भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास तापवायचं, थंड होऊ द्यायचं आणि वर जमलेला थर काढून घ्यायचा. ‘कॉर्निश’, म्हणजे कॉर्नवॉलचं, या नावाने विकायचं तर त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. नैऋत्य इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात स्कोनवर आधी क्रीम आणि मग जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि मग क्रीम. हे चेष्टेत घेऊ नये. त्या त्या गावात गेल्यावर शेजारच्या टेबलावर बघून तसंच करावं.

स्कॉटलंडच्या तळणीच्या दुकानात पाटीवर ‘फिश टी’ आणि ‘फिश सपर’ असं दोन्ही दिसतं. सपर म्हणजे तिथे ‘चिप्ससकट’, मग वेळ कुठलीही असो. म्हणून ‘पिझ्झा सपर’ही असतो, आणि तो तळलेला असतो. फिश टी म्हणजे बसून खायचं: मासा, चिप्स, लोणी लावलेला ब्रेड आणि किटलीभर चहा. ‘बीफ टी’ मात्र पूर्ण वेगळं प्रकरण. आजाऱ्याला देतात तो गोमांसाचा काढा, त्यात चहाची पानं नावालाही नाहीत. जुन्या पद्धतीच्या घरात कुणी प्रेमाने कपात गरम, तपकिरी, खारट काही आणून दिलं तर पिण्याआधी विचारावं.

एक अक्षर, दोन वाटा

या शब्दाचं मूळ आपल्याला अगदी जवळचं आहे. चिनी लिपीत चहासाठी अक्षर एकच, पण त्याचे उच्चार बोलीगणिक वेगळे. उत्तरेकडे आणि कँटनच्या बाजूला ‘चा’, आणि फुजियान किनाऱ्यावरच्या मिन बोलीत ‘ते’. कुठल्या देशाने चहा कुठल्या बंदरातून किंवा कुठल्या रस्त्याने घेतला, त्यावर त्याचा शब्द ठरला. खुष्कीच्या मार्गाने ‘चा’ इराणात जाऊन ‘चाय’ झाला आणि तिथून हिंदी, तुर्की, रशियन अशा भाषांत पसरला. पोर्तुगीज कँटनजवळच्या मकावमध्ये १५५७ पासून ठाण मांडून होते, म्हणून युरोपच्या पश्चिम टोकाला बसूनही ते आजतागायत ‘शा’ म्हणतात. आपला चहाही याच घराण्यातला. डच व्यापाऱ्यांनी मात्र जावा बेटावरच्या बांतामसारख्या ठाण्यांवर फुजियानच्या व्यापाऱ्यांकडून माल उचलला आणि त्यांचा ‘ते’ उचलला. डचांकडून तो फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजांकडे गेला. पोलिश लोकांनी लॅटिन ‘हर्बा’ म्हणजे वनस्पती हा शब्द पुढे जोडून ‘हर्बाता’ करून ठेवलं. औषधाच्या दुकानातून आलेला चहा असा नावातच राहिला.

गंमत म्हणजे इंग्रजीत आधी ‘च’च आला होता, आणि तो गोव्याच्या ओळखीने. यान हायगेन फान लिन्सखोतन हा डच माणूस १५८०च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. त्याच्या प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर १५९८मध्ये निघालं, त्यात जपानी लोक ‘चा’ नावाच्या वनस्पतीच्या पुडीचं गरम पाणी पितात असा उल्लेख आहे. इंग्रजी छापील मजकुरातला चहा पहिल्यांदा दिसतो तो इथे. साठ वर्षांनी, सप्टेंबर १६५८मध्ये, लंडनच्या एका वर्तमानपत्रात रॉयल एक्स्चेंजजवळच्या कॉफीगृहाची जाहिरात आली. तिच्यात या चिनी पेयाला चिनी लोक ‘च्चा’ म्हणतात आणि इतर देशांतले लोक ‘टे ऊर्फ टी’ म्हणतात, असं तिन्ही नावांसकट छापलंय. म्हणजे तोवर निकाल लागलेला नव्हता. १६६०च्या सप्टेंबरात लंडनच्या सॅम्युएल पेप्सने आपल्या रोजनिशीत पहिल्यांदा चहा प्यायल्याची नोंद केली, ती ‘टी’ अशी.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १६६२ साली, ब्रागांझाची कॅथरीन ही पोर्तुगीज राजकन्या इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी लग्न करून लंडनला आली. आंदणात आपली मुंबई, आणि सोबत चहाची सवय. चहा इंग्लंडात तिनेच आणला असं बरेचदा सांगतात, ते खरं नाही; दुकानात तो आधीच मिळत होता. तिने तो दरबारात रुळवला. तिच्या माहेरचा शब्द ‘चा’ घराण्यातला, पण ईस्ट इंडिया कंपनीचा माल येत होता बांतामकडून. राणीची सवय लागली आणि शब्द व्यापाऱ्यांचा राहिला. महाराष्ट्राला यातून मुंबई जोडली गेली ती इंग्रजांशी, आणि चहा गावोगाव पोचायला आणखी सव्वादोनशे-अडीचशे वर्षं जायची होती. तो पोचल्यावरही सुखाने नव्हे: १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादाला, तोंड द्यावं लागलं. तिथेही भांडण पेयाचं नव्हतं, कुणाच्या हातचं घेतलं याचं होतं.

इंग्रजीत ‘टी’चा उच्चार बराच काळ ‘टे’ असा होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर पोप या कवीने राणी ॲनबद्दलच्या दोन ओळींत त्याचं यमक ‘ओबे’शी जुळवलंय. आज ते वाचताना यमक चुकल्यासारखं वाटतं; चुकलेलं नाही, उच्चार बदललाय. आयर्लंडच्या खेडवळ बोलीत आणि विनोदात ‘टे’ अजून ऐकू येतो. हरवलेला ‘च’सुद्धा पुढे मागच्या दाराने परतला. हिंदुस्थानातून गेलेल्या गोऱ्या शिपायांनी ‘कप ऑफ चार’ नेला आणि म्हातारी माणसं तो अजून म्हणतात. घरकाम करणाऱ्या बाईला ‘चारलेडी’ म्हणत, त्याचा मात्र चहाशी संबंध नाही. तो ‘चोर’, म्हणजे नेहमीचं काम, या शब्दाचा भाऊ.

असे नकली नातेवाईक आणखी आहेत. ‘टीटोटल’ म्हणजे दारू अजिबात न पिणारा. दारू सोडून चहा प्यायला लागला म्हणून टीटोटल, ही व्युत्पत्ती ऐकायला छान आणि चूक. प्रेस्टन गावच्या दारूबंदी चळवळीत १८३३च्या सुमारास रिचर्ड टर्नर नावाच्या कार्यकर्त्याने ‘टोटल’वर जोर देण्यासाठी आधी ‘टी’ लावला, असं सांगतात. ‘संपूर्ण’चं ‘संपूर्ण म्हणजे संपूर्ण’ करण्यासारखं ते आहे. आणि तरुण मुलं ‘स्पिल द टी’ म्हणतात तेव्हा कपडे पुसायला धावू नये, काय भानगड आहे ती सांग एवढाच अर्थ. हा वाक्प्रचार अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ड्रॅग कलाकारांच्या, म्हणजे बायकी वेशात कार्यक्रम करणाऱ्यांच्या, बोलीतून आला, आणि तिथला ‘टी’ मुळात ‘ट्रूथ’चं आद्याक्षर असल्याचं मानतात.

खऱ्या नात्यातला, पण ओळखू न येणारा शब्द स्वयंपाकघराच्या ओट्यावर सापडतो. खरकटं टाकायला नगरपालिका छोटा डबा देते त्याला ‘कॅडी’ म्हणतात. चहाच्या डब्याचं हे नाव, मलायमधल्या ‘काती’ या वजनावरून आलेलं. एक काती म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम. चहा त्या मापाने यायचा. कुलूपबंद नक्षीदार डब्यापासून भाजीच्या सालींपर्यंत या शब्दाची घसरण झाली.

कचेरीतली टी, मिस्त्रीची टी

कचेरीत अलिखित नियम असा: स्वतःसाठी चहा करायला उठलात तर आसपासच्या चार-सहा जणांना विचारायचं. याला ‘टी राउंड’ म्हणतात. उत्तरेत टीऐवजी ‘ब्रू’ म्हणतील, कारण टी म्हणजे जेवण ना. गुपचूप आपला कप भरून जागेवर येणारा माणूस कोणी काही न बोलता लक्षात ठेवला जातो. आपल्याकडे चहा आणणारा वेगळा असतो, त्यामुळे नव्या मंडळींकडून हे अजाणता घडतं. ‘व्हाइट वन’ म्हणजे दूध घालून, एक चमचा साखर. ‘ब्लॅक नन’ म्हणजे दोन्ही नाही. ‘नाटो स्टँडर्ड’ ही फौजी भाषा: दूध आणि दोन साखर. ‘बिल्डर्स’ म्हणजे कडक, गडद, मोठ्या मगात.

घरी गवंडी, रंगारी, वायरमन आला की पहिल्या दहा मिनिटांत त्याला चहा विचारायचा. तो आपल्या पद्धतीने उकळून देऊ नये, निदान पहिल्या दिवशी. मगात एक पिशवी, साधारण तीन ग्रॅमची, त्यावर खळखळतं पाणी, तीन-चार मिनिटं तशीच, मग पिशवी दाबून काढायची आणि शेवटी दूध. पिशवी असतानाच दूध ओतलं तर पाणी निवतं आणि चहा फिक्कट उतरतो. नवख्यांचा चहा पाणचट लागण्याचं नव्वद टक्के कारण हेच. चहा करण्याचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० साली निघालेलं: १०० मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं. ते चव तपासणाऱ्यांसाठी आहे, आणि सहा मिनिटांचा तो चहा दुधाशिवाय घशाखाली उतरणं कठीण.

दुधाच्या बाटलीचं लेबल बघून घ्यावं. निळं म्हणजे सायीसकट, हिरवं म्हणजे अर्धी साय काढलेलं, लाल म्हणजे पाणीच जवळजवळ. इंग्रजी चहाला हिरवं चालतं. आपल्या उकळीच्या चहाला निळंच हवं, नाहीतर रंग येतो आणि दाटपणा येत नाही. पिशव्यांतली भुकटी बारीक असते, ती उकळायची तर पिशवी फाडून कपाला दीड पिशवी धरावी आणि दूध घातल्यावर दोन उकळ्यांच्या वर ठेवू नये; कडवटपणा लगेच उतरतो. सुटी आसाम सीटीसी पत्ती भारतीय वाणसामानाच्या दुकानात मिळते, तिला हा त्रास नाही.

कॅफेत ‘चाय’ मागितला तर चहा मिळेल असं समजू नये. इंग्रजीत चाय म्हणजे मसाल्याचा चहा, आणि ‘चाय लाटे’ म्हणजे बहुतेकदा दालचिनीचं गोड सरबत किंवा पूड फेसाळ दुधात. ‘चाय टी’ या नावाला हसून उपयोग नाही. एकाच चिनी अक्षराचे दोन उच्चार शेजारी शेजारी उभे आहेत, त्यांना काय माहीत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत नुसतं ‘टी’ म्हटलं तर बर्फ घातलेला, भरपूर साखरेचा थंड ग्लास येतो. तिथे ‘हॉट टी’ म्हणावं लागतं.

‘हर्बल टी’त चहा नसतो, कॅमोमाइल, पुदिना, रॉयबॉश ही वेगळी झाडं. ‘टी ट्री ऑइल’ ऑस्ट्रेलियातल्या मेलाल्यूका झाडाचं तेल, नावात टी असली तरी पोटात जाता कामा नये, विषारी आहे. ‘टीस्पून’ औषधाच्या बाटलीवर असेल तर अर्थ नेमका ५ मिलिलिटर; घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून मुलांच्या औषधाला बरोबर मिळालेली सिरिंजच वापरावी. ‘टी टॉवेल’ म्हणजे धुतलेली भांडी पुसायचा फडका. ‘टीकेक’ मागितल्यावर काय येईल ते गावावर अवलंबून: यॉर्कशर-लँकेशरच्या काही भागांत साधा गोल पाव, इतरत्र बेदाणे घातलेला गोडसर पाव, आणि स्कॉटलंडमध्ये बिस्किटावर मार्शमेलोचा घुमट, वरून चॉकलेट. हा शेवटचा बिस्किट नसून केक, हे करखात्याने पुढे मान्य केलं, पण तोवर चुकून घेतलेल्या व्हॅटच्या परताव्यावरून मार्क्स अँड स्पेन्सरची त्याच्याशी लढाई हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन २००९मध्ये संपली. केकवर व्हॅट शून्य आणि चॉकलेटच्या बिस्किटावर पूर्ण, म्हणून एवढा खटाटोप. जिलेटिनसाठी डब्यावरचं बारीक अक्षर इथेही वाचावं.

क्रिकेटमधली टी आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, वीस मिनिटांची. पण तीही जागची हलू शकते: नोव्हेंबर २०२५मध्ये गुवाहाटीच्या कसोटीत सूर्य लवकर मावळतो म्हणून टी आधी आणि लंच नंतर ठेवला होता.

आता उलट बाजू. आपण गोऱ्या शेजाऱ्यांना बोलावतो तेव्हा ‘चहाला या’चं ‘कम फॉर टी’ करतो आणि वेळ देतो साडेपाचची. ते मुलांना काही न भरवता, भूक राखून येतात. समोर चिवडा, दोन चकल्या आणि वेलचीचा चहा. संकोचाने कुणी काही बोलत नाही, साडेसहाला मुलं कुरकुरायला लागतात आणि मंडळी घाईने उठतात. आपल्याला वाटतं, यांना फराळ आवडला नाही.

दिवाळीचा फराळ द्यायचा असेल तर निरोप असा लिहावा: ‘शनिवारी तीन ते पाचमध्ये कधीही या, कप ऑफ टी आणि दिवाळीचे गोड-तिखट पदार्थ.’ सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही वेळा लिहायच्या. चार ओळींत पदार्थही सांगावेत, कारण चकलीतले तीळ, लाडवातला काजू आणि शेवेतलं बेसन यांची ॲलर्जी असणारे लोक इथे आधी विचारतात. तिखटाचं मात्र कुणी विचारत नाही, ते आपणच सांगून ठेवावं. आणि खरोखरच जेवायला बोलवायचं असेल, तर उत्तरेतल्या लीड्समध्ये ‘टी’ आणि लंडनमध्ये ‘डिनर’ लिहावं, आकडा दोन्हीकडे घालावा.